फामागुस्त्याची तयारी

अंड्याचा पिवळा बलक ताटलीत पसरताना दिसला की मला आजही पानावरून उठावंसं वाटतं. सुनांना वाटतं, म्हातारीचं सोवळं वाढलंय. सोवळं कसलं? आम्ही पोलादपूरकडचे मराठे, खेकड्यापासून सुकटीपर्यंत सगळं खाल्लेलं. पण मी तेरा-चौदा वर्षांची असताना आमच्या महाडच्या घरात चार महिने फामागुस्त्याला जायची तयारी चालली होती. त्या चार महिन्यांचा वास माझ्या नाकातून काही जात नाही. अर्धकच्च्या अंड्यांचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि लोकरीत मुरलेल्या घामाचा वास. मागे एकदा नातवाने फोनवर त्या शहराची चित्रं दाखवली. निळंशार पाणी, उन्हात पिवळा पडलेला जाडजूड तट, दरवाज्यावर दगडी सिंह. "आजी, काय सुंदर आहे! जायचं का?" मी म्हटलं, "पुढचं चित्र काढ."

फामागुस्ता म्हणजे सायप्रस बेटावरचं जुनं बंदर, भूमध्य समुद्राच्या काठचं. हे मला अण्णांमुळे, म्हणजे वडिलांमुळे, त्या वयात पाठ झालं होतं. अण्णा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. बाजारपेठेच्या मागच्या आळीत आम्ही भाड्याने राहायचो: अण्णा, आई, माझा मोठा भाऊ प्रभाकर, मी आणि काकी. काकी म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. काका दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तिकडे गेले आणि परत आले नाहीत. तार आली तेव्हा काकी पंचविशीची असेल. मूलबाळ नव्हतं. उमरठच्या अलीकडच्या आमच्या वाडीतून अण्णांनी तिला महाडला आणलं, "आधाराला" म्हणून. आधार कोणी कोणाला दिला, ते आमच्या घरातले आवाज ऐकले असते तर कोणालाही कळलं असतं. पहाटे जात्याची घरघर, मग विहिरीवर रहाटाची करकर, मग मागच्या पडवीत मुसळाचे ठोके, दुपारी भांड्यांवर राखेचा खरखराट. सगळे आवाज काकीचे. आईचा आवाज फक्त बोलण्याचा. काकीने काका गेल्यापासून मासळी-अंडं सोडलं होतं, पण आमच्यासाठी कोलंबी सोलायची, पाटा धुवायची, आणि स्वतः वरणभात नाहीतर नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी खाऊन उठायची. तिला नाव असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. अण्णा "वैनी" म्हणत, आई "अहो जाऊबाई" म्हणे, आम्ही "काकी".

एका शनिवारी दुपारी पत्र आलं. पाकिटावर वाडीचा पत्ता होता; पोलादपूरच्या पोस्टमनने ओळखीच्या एसटी कंडक्टरकरवी ते आमच्याकडे पाठवलं होतं. जाड, मलईसारखा कागद. प्रभाकरने आधी तिकिटावर झडप घातली. अण्णांनी चष्मा पुसून पत्र मनातल्या मनात वाचलं, मग आणखी एकदा वाचलं, आणि मग खुर्चीवर ताठ बसून आम्हाला मराठीत सांगितलं. दादांच्या, म्हणजे काकांच्या, पलटणीतला साहेब आता फामागुस्त्यात राहतो, त्याच्या संत्र्यांच्या बागा आहेत. दादांनी गोळी छातीवर झेलून त्याचा जीव वाचवला होता. त्याची जाण ठेवून साहेब दादांच्या कुटुंबातल्या तिघांना तिकडे बोलावतोय. बोटीची तिकिटं तोच पाठवणार आहे.

"तिघांना?" आई म्हणाली. तिची बोटं लगेच मोजायला लागली होती.

"मी, तू आणि प्रभाकर," अण्णा म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू वैनींबरोबर राहशील."

काकी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हात पिठाचे होते. तिने विचारलं, "भावजी, त्यांना कुठं जाळलं ते लिवलंय का त्यात?"

"ते बघायलाच तर चाललोय ना आम्ही!" अण्णा म्हणाले, आणि पत्र घडी करून खिशात घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. शाळेतला जगाचा नकाशा घरी आला आणि भिंतीवर लागला. मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद, तिथून लहान बोटीने फामागुस्ता, असा तांबडा दोरा टाचण्यांनी ताणला गेला. अण्णा जेवताना तटाची जाडी सांगायचे. त्यावरून बैलगाडी जाते म्हणायचे. गावात कोणी भेटलं की, "आपल्या रायगडाला तट आहे, पण समुद्र कुठे? जंजिऱ्याला समुद्र आहे, पण बंदर कुठे? तिथे दोन्ही आहे!" असं जणू त्यांनीच तो तट बांधल्यासारखं बोलायचे. आळीतल्या बायका आईला विचारायच्या, "कधी निघणार फामागोष्टाला?" आणि आई, जी तोवर पुण्याच्याही पुढे गेली नव्हती, "बोटीवर अवलंबून आहे," असं म्हणत पदर सावरायची. मला सुरुवातीला हेवा वाटला, नाही असं नाही. मला का नाही नेत म्हणून मी रडलेसुद्धा. पण थोड्याच दिवसांत हेव्याची जागा किळसेने घेतली.

कारण अण्णांनी ठरवलं की साहेबाच्या टेबलावर आपली शोभा होता कामा नये. मुंबईहून त्यांनी जुन्या बाजारातून काटे-सुऱ्या मागवल्या. काट्यांच्या दातांत आधीच्या कोणाच्या तरी जेवणाचं काळं अडकलेलं होतं. रोज सकाळी दोन-दोन अंडी तीन मिनिटं उकडायची, घड्याळ लावून. ती फोडली की आतला थलथलीत पांढरा आणि ओला पिवळा ताटलीत यायचा. अण्णा आणि प्रभाकर समोरासमोर बसून तो पावाला लावून काट्याने तोंडात नेण्याचा सराव करायचे. निम्मा बलक अण्णांच्या मिशीत, निम्मा सदऱ्यावर. तोंड मिटून चावायचं असतं असं कुठेसं वाचल्यामुळे ते ओठ घट्ट मिटून नाकाने जोरजोरात श्वास घेत चावायचे. तो श्वास मला आतल्या खोलीत ऐकू यायचा. मग एकदा मुंबईहून डब्यातलं चीज आलं. डबा उघडल्यावर आई परसात जाऊन ओकली. तरी अण्णांनी ते आठवडाभर संपवलं, डोळे मिटून, औषधासारखं, आणि शेवटी बोटाने डब्याची कड पुसून घेतली.

साहेब लोक नाक रुमालात शिंकरतात आणि तो रुमाल परत खिशात ठेवतात, हेही अण्णांनी अंगी बाणवायला घेतलं. ते रुमाल धुवायला काकीकडे जायचे. मे महिन्याच्या महाडात लोकरीचा कोट शिवून आला आणि "सवय हवी" म्हणून ते तो दुपारी दोन-दोन तास घालून बसायचे. अंगभर घामोळं उठलं. मग ते जिरवायला जवळच्या सव गावच्या गरम कुंडात बसायला गेले, आणि परत आले ते गंधकाचा वास घेऊन, म्हणजे आणखी एकदा अंड्याचाच. देवी टोचून घेतल्या तेव्हा तिघांचे दंड सुजले, पिकले. आई त्या पुवाचं फडकं सोडून मोरीत टाकायची. ते कोण उचलायचं, हे सांगायला नको. अंड्याच्या ताटल्याही काकीच घासायची. नवरा गेल्यावर जे तिने वर्ज्य केलं होतं, ते वाळून चिकटलेलं ती रोज नखांनी खरवडून काढायची. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. मीच बाजूला बसून वाकडं करायची, आणि मदतीला मात्र हात लावत नव्हते. हे लिहायला हवं.

मग एका रविवारी अण्णांनी मला टेबलाशी बोलावलं. माझं इंग्रजी अक्षर वळणदार होतं; त्यांनीच वेताची छडी समोर ठेवून घटवून घेतलेलं. "साहेबाला पत्र लिहायचंय. मी सांगतो, तू लिही. वैनींच्या नावाने."

मी लिहीत गेले. मी, आपल्या दिवंगत हवालदाराची विधवा, आपले आभार मानते. मी गेली काही वर्षं अंथरुणाला खिळून आहे. माझी दृष्टी जवळजवळ गेली आहे. मला प्रवास शक्य नाही. माझ्या जागी माझे दीर, त्यांची पत्नी आणि मुलगा येतील, त्यांना आपण माझेच समजावं.

मागच्या पडवीत मुसळाचे ठोके चालू होते. अंथरुणाला खिळलेली बाई भात कांडत होती. मी थांबून अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "काही नाही, साहेबाला समजावं म्हणून. रीत असते तशी." आणि मग, "शाबास. मोत्यासारखं अक्षर आहे." त्या एका वाक्याने मी फुलून गेले. अण्णांनी कोणाला शाबास म्हणणं ही आमच्या घरात दिवाळी-दसऱ्यासारखी गोष्ट होती.

त्यांनी काकीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. "आभाराचं पत्र आहे, वैनी. अंगठा द्या." काकीने हात पुढे केला. तिचा अंगठा घट्टे पडून इतका राठ झाला होता की शाई नीट लागेना. अण्णा मला म्हणाले, "दाब गं जरा." मी तिचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरला आणि कागदावर दाबला. तिने मला विचारलं, "माझा नमस्कार लिवलास का गो?" मी म्हटलं, "हो."

पत्र सोमवारी टपालात पडायचं होतं. दुपारी अण्णा वामकुक्षीला गेले. 'अंथरुणाला खिळलेली' याला मी घातलेल्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग बरोबर आहे ना, अशी मला शंका आली. पुन्हा शाबासकी हवी होती, दुसरं काय? मी शब्दकोश काढला आणि त्यात साहेबाचं मूळ पत्र निघालं.

इंग्रजी सोपं होतं. मुद्दामच सोपं लिहिलं असावं. पत्र कुटुंबाला नव्हतं, काकीला होतं. साहेबाने लिहिलं होतं की तुमचे पती माझ्या तुकडीतले सगळ्यात भरवशाचे हवालदार होते. शहराच्या तटाबाहेर आमची छावणी होती, तिथे ते नऊ दिवस तापाने आजारी होते. मी त्यांच्याजवळ बसत असे. शेवटचे दोन दिवस ते सारखे 'चंद्रा, चंद्रा' म्हणत होते. मला तोडकंमोडकं हिंदुस्थानी येत होतं, त्यामुळे मला वाटलं ते चंद्र मागताहेत, म्हणून आम्ही त्यांची खाट तंबूबाहेर काढली. नंतर एका शिपायाने मला सांगितलं की ते तुमचं नाव आहे. मी आता म्हातारा झालो आहे. ती जागा तुम्हाला माझ्या हाताने दाखवावी अशी माझी इच्छा आहे. तुम्ही या. एकट्या येऊ नका, सोबतीला तुमच्या पसंतीची दोन माणसं आणा.

काकीचं नाव चंद्रा होतं, हे मला एका इंग्रजी पत्रातून कळलं.

ती परसात सकाळच्या ताटल्या घासत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि पत्र मराठीत वाचून दाखवलं. तिचा हात राखेवर थांबला.

"तापानं गेले?" ती म्हणाली. "गोळी नाय लागली?"

"नाही."

"किती दिस ताप?"

"नऊ."

"पानी कोन देत व्हतं?"

"साहेब लिहितोय, मी बसायचो जवळ."

"ते चंद्राचं परत वाच."

मी वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. मग राहिलेल्या दोन ताटल्या घासल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. हात धुतले. मला वाटलं आता ती रडेल. ती म्हणाली, "आनि सकाळी तू काय लिवलंस? खरं सांग."

मी सांगितलं. अंथरूण, दृष्टी, सगळं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला चांगलं दिसत होतं, शंभर हातांवरचा नारळ मोजण्याइतकं.

"आनि अंगठा तू धरलास," ती म्हणाली.

तिने मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. ती आत निघून गेली.

उन्हं कलल्यावर अण्णा उठून चहाला बसले. बशीत बिस्किटं, शेजारी काटा. बिस्किट काट्याने खायचं नसतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. काकी येऊन समोर उभी राहिली. एरवी ती दिरासमोर चौकटीच्या आतूनच बोलायची.

"भावजी, मी येनार हाय. पासपोर्टाचा फारम आना माझ्या नावाचा."

अण्णांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ते हसले. तसं हसणं मी नंतर पुष्कळ माणसांच्या तोंडावर पाहिलं आहे, पण पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या वडिलांच्या. "वैनी, बोट आहे ती, पोलादपूरची एसटी नव्हे. पंधरा-पंधरा दिवस पाणी. तिथलं खाणं तुम्हाला चालणार नाही. टेबलावर काट्याने खावं लागतं."

"मला खायला नाय जायचं. मला बगायला जायचंय."

"भाऊबंद काय म्हणतील? विधवा बाईमाणूस समुद्र ओलांडून साहेबाच्या घरी?"

"सायबानं मला बोलावलंय. तुमाला नाय."

आई आतून आली. माझ्या आईवर माझं प्रेम होतं, तिने मला वाढवलं. पण ती जे बोलली ते मी विसरू शकलेले नाही. ती अगदी मनापासून, काळजीने म्हणाली, "पण जाऊबाई, तुम्ही गेलात तर घरातलं कोण बघणार?"

काकी पुढे झाली. टेबलावर सकाळचं पत्र पाकिटात घालून ठेवलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचा अंगठा ओळखता येत होता. तिने पाकिटातून कागद काढला, उलगडून बघितला आणि आत जाऊन चुलीत घातला. अण्णा उठले, पण तिच्या अंगाला हात लावायची त्यांची छाती नव्हती. तो हात माझ्यावर पडला. कानशिलात बसली आणि त्या कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली. प्रभाकर तोंडात बिस्किट धरून नकाशाकडे बघत होता.

"मग कोणीच जाणार नाही," अण्णा म्हणाले.

आणि खरंच कोणी गेलं नाही. मला सगळ्यात किळस येते ती याची. अंडी, रुमाल, चीज यांवर आज मी हसूसुद्धा शकते. पण साहेबाने दोन माणसं सोबतीला सांगितली होती. अण्णांनी काकीला नेलं असतं तर त्या दोघांतले एक अण्णाच असते. तट, सिंहाचा दरवाजा, संत्र्यांच्या बागा, सगळं त्यांना बघता आलं असतं. फक्त बोटीवर चढताना वहिनी पुढे आणि ते मागे, एवढंच. ते त्यांना जमलं नाही. कोट डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेला, नकाशा शाळेत परत गेला. पुढे कोणी विचारलं की ते सांगायचे, "ठरलं होतं हो, पण वैनींची तब्येत."

काकी तिसऱ्या दिवशी वाडीला निघाली. गाठोडं तिने स्वतःच उचललं. एसटी स्टँडवर मी एकटीच तिला पोचवायला गेले, शाळेचं निमित्त करून. गाडी लागली. चढताना ती म्हणाली, "तू तरी त्या सायबाला खरं काय ते लिव. चंद्रा धडधाकट हाय म्हनावं. आनि त्यांची राख कुठं टाकली ते इचार. येवडं कर."

मी "लिहिते" म्हटलं.

पत्ता मला पाठ होता. आजही आहे, घरनंबरासकट. पण शाळेतून येता-जाता पोस्टासमोरून जाताना मला अण्णांचा हात आठवायचा. मग परीक्षा आली. मग पुढच्या वर्षी लिहू म्हटलं. मग सायप्रसात गडबड चालल्याचं वर्तमानपत्रात येऊ लागलं, आणि मला केवढं बरं वाटलं, की आता पत्र पोचायचंच नाही, लिहून काय उपयोग! दोन-तीन वर्षं अशी गेली. एवढं सुंदर अक्षर होतं माझं.

मॅट्रिक झाल्यावर मी वाडीला गेले. काकीने आमच्या वाटणीतलं भाताचं खाचर स्वतः लावायला घेतलं होतं, दारात वाल वाळत घातले होते. हात-पाय चिखलाने फुटलेले, पण चेहरा मोकळा. तिने मला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. चटणी माझ्यासाठी शेजारणीकडून मागून आणली होती. समोर बसून वारा घालत राहिली. मग म्हणाली, "सायबाचं काय आलं गो?"

घास माझ्या तोंडात होता. मी म्हटलं, "लिहिलं होतं, काकी. दोनदा लिहिलं. उत्तर नाही आलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला आजवर कळलेलं नाही की तिला कळलं की नाही. "म्हातारा व्हता," ती म्हणाली. "गेला आसंल बिचारा." मग ती उठली, चुलीवरची गरम भाकरी आणून तिने माझ्या ताटात वाढली, आणि मी ती सगळी खाल्ली.